कोटाचा हिशेब हिवाळ्यांत मांडा

इटलीच्या गुची या फॅशन कंपनीने ऑक्टोबर २०१७ मध्ये जाहीर केले, की यापुढे आमच्या कपड्यांत फर असणार नाही. पुढच्या वर्षी बर्बेरी आणि कोच, त्याच्या पुढच्या वर्षी प्राडा, अशी मग रांगच लागली. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने तर कायदा केला आणि १ जानेवारी २०२३ पासून तिथे नव्या फरची विक्री बंद झाली. मिंक, कोल्हा आणि ससा असे वाळीत पडत असताना पुरुषांच्या हिवाळी कपड्यांत एक लोकरी कोट मात्र मानाने मिरवत राहिला. बाहेरून मऊ चामडे, आतून दाट लोकर आणि मानेभोवती उलटून बसलेली रुंद कॉलर, असा हा शिअरलिंग कोट. मेंढीचे किंवा कोकराचे कातडे लोकरीसकट कमावून तो शिवतात. गुचीच्या व्याख्येत मेंढी ‘फर’मध्ये मोडत नाही आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्यातही लोकरीसह कमावलेल्या मेंढीच्या कातड्याला स्पष्ट सूट आहे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, असाच हा न्याय वरवर पाहता वाटतो.

या भेदभावामागे एक कारण दिले जाते आणि ते अगदीच पोकळ नाही. मिंक पाळले जाते ते कातड्यासाठीच. मेंढी मारली जाते ती मांसासाठी. कातडे मागे उरते, ते फेकण्यापेक्षा वापरलेले बरे. याला जोडून आणखी दोन गोष्टी सांगितल्या जातात: हा माल नैसर्गिक आहे, प्लास्टिक नाही, आणि तो पिढीभर टिकतो. हे तिन्ही दावे एका अटीवर खरे ठरतात. घेतलेला कोट निदान वीस-पंचवीस हिवाळे कुणाच्या तरी अंगावर चढला पाहिजे. ही अट पाळली, तर शिअरलिंगचे समर्थन करता येते. मोडली, तर तिन्ही दावे एकामागून एक ढासळतात. अडचण अशी, की हा कोट आज ‘यंदाचा ट्रेंड’ म्हणून विकला जातो आणि यंदाच्या ट्रेंडला पुढच्या वर्षी जुने व्हावेच लागते. त्यामुळे खरी लोकर की खोटी लोकर, हा वाद दुय्यम आहे. कोट किती वर्षे वापरला जाणार, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

हा कोट मुळात कामाचा होता. मेंढीचे कातडे ऊब देते ते दोन गुणांमुळे. लोकरीच्या कुरळ्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते आणि बाहेरचे चामडे वारा आत येऊ देत नाही. अस्तर आणि वाराबंद आवरण एकाच वस्तूत मिळते. म्हणूनच अफगाणिस्तानातल्या डोंगराळ भागात पोस्तीन, तिबेटच्या पठारावर कातड्याचा छुबा, अशी रूपे शतकानुशतके चालत आली. पुरुषांच्या फॅशनमधले त्याचे आजचे रूप मात्र विमानातून उतरले. लेस्ली अर्विन हा अमेरिकी माणूस पॅराशूट बनवणारा. २८ एप्रिल १९१९ रोजी ओहायोतल्या मॅककुक फील्डवर त्याने विमानातून उडी घेऊन हवेतच स्वतःच्या हाताने पॅराशूट उघडून दाखवले होते. पुढे त्याने इंग्लंडमध्ये लेचवर्थ इथे कारखाना काढला आणि तिथेच १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला वैमानिकांसाठी मेंढीच्या कातड्याचे जॅकेट तयार केले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने ते वापरले. अमेरिकी लष्कराच्या हवाई दलानेही १९३४ मध्ये ‘बी-३’ नावाचे तसेच जॅकेट स्वीकारले. पंचवीस हजार फुटांवर हवेचे तापमान साधारण उणे ३५ अंश सेल्सियस असते आणि त्या काळच्या बाँबफेकी विमानांच्या खिडक्या मशीनगनसाठी उघड्या असत. त्या थंडीत कपड्याच्या रुबाबाकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. ज्या सैनिकांच्या नावावर हा कोट आज विकला जातो, त्यांनीच तो चटकन सोडून दिला. युरोपवर मोहिमा काढणाऱ्या अमेरिकी हवाई तुकड्यांमध्ये १९४२-४३ च्या काळात शत्रूच्या गोळ्यांनी जखमी झालेल्यांपेक्षा हिमदंशाने निकामी झालेले जास्त होते. मेंढीचे कातडे जड होते, विमानाच्या मशीनगनच्या मनोऱ्यातल्या अरुंद जागेत त्यात हालचाल होत नसे आणि अंगाला घाम आला, की गारठा आणखी वाढे. लष्कराने विजेवर तापणारे पोशाख आणले. १९४३ पासून कापडी, केसाळ अस्तराची हलकी जॅकेटे आली आणि पुढे नायलॉनची आली. दशकभरातच शिअरलिंग जॅकेट निवृत्त झाले. सैनिकाने कपड्याकडे कपडा म्हणून पाहिले: काम भागले तोवर वापरले, त्याहून चांगले मिळाले तेव्हा बदलले. बाजाराने मात्र त्या कपड्यातले शौर्य तेवढे सुटे करून विकायला काढले आणि कामाचा भाग मागेच राहिला.

कोट तोच राहिला, त्याची पत मात्र गेल्या साठ वर्षांत अनेकदा वरखाली झाली. १९६६-६७ च्या सुमारास लंडनच्या किंग्ज रोडवर गझनीकडचे भरतकाम केलेले अफगाण कोट आले. बीटल्सच्या अंगावर ते दिसले आणि हिप्पी तरुणांनी त्यांच्यावर उड्या टाकल्या. कातडी नीट कमावलेली नसायची, पावसात भिजली की त्यांना असह्य वास येई, तरी लाट चालली आणि काही वर्षांत विरली. त्यानंतर ब्रिटनमध्ये मेंढीच्या कातड्याचा कोट म्हणजे फुटबॉलचे प्रशिक्षक, समालोचक आणि जुन्या गाड्या खपवणारे दलाल, अशी ओळख झाली. बीबीसीचे समालोचक जॉन मॉटसन डिसेंबर १९९० मध्ये विकमच्या मैदानावर भर हिमवर्षावात हा कोट घालून बोलत उभे होते. ते दृश्य ब्रिटिश प्रेक्षकांच्या कायमचे लक्षात राहिले. १९८१ मध्ये सुरू झालेल्या ‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’ या विनोदी मालिकेतला डेल बॉय हा भुरटा व्यापारीही असाच कोट घाली. म्हणजे वैमानिकाचा कोट विनोदाचा विषय झाला. मग २०१० मध्ये बर्बेरीने वैमानिकी थाटाची शिअरलिंग जॅकेटे रॅम्पवर आणली आणि तोच कोट पुन्हा प्रतिष्ठेचा झाला. या साऱ्या उलथापालथीत लोकरीची ऊब एका अंशानेही कमी-जास्त झाली नव्हती. १९७० च्या दशकातले जे धडधाकट कोट अडगळीत गेले, ते फाटले म्हणून गेले नाहीत. त्यांच्याकडे बघून लोक हसू लागले म्हणून गेले.

आजच्या लाटेमागे सिनेमाचा हातही मोठा आहे. मार्लबोरो सिगारेटच्या जाहिरातींतल्या घोडेस्वाराने लोकरी कॉलरीचा कोट आणि राकट पुरुषपण यांची सांगड घालून ठेवलीच होती. २०१२ च्या ‘द डार्क नाइट रायझेस’मध्ये बेन या खलनायकाला असाच दणकट कोट दिला गेला. २०१७ च्या ‘ब्लेड रनर २०४९’मध्ये रायन गॉसलिंगने घातलेल्या लांब कोटाच्या नकला तर अजून विकल्या जातात. गंमत अशी, की हा शेवटचा कोट मुळी चामड्याचा नव्हताच. वेशभूषाकार रने एप्रिल यांनी तो सुती कापडाला मुलामा देऊन आणि रंगवून बनवला होता आणि त्याची कॉलर कृत्रिम फरची होती. पाऊस आणि बर्फात होणाऱ्या चित्रीकरणासाठी खरे कातडे गैरसोयीचेच ठरले असते. प्रेक्षकाला मात्र तो अस्सल वाटला आणि त्या अस्सलपणाच्या ओढीने अनेकांनी खरी कातडी विकत घेतली. पुरुषाला फॅशनची हौस आहे असे म्हणवून घ्यायला संकोच वाटतो. म्हणून त्याला फॅशन विकताना तिला कामाचा, युद्धाचा, रानाचा इतिहास चिकटवावा लागतो. इतिहास खरा असला, तरी त्यामुळे मेट्रोतून कार्यालयात जाणाऱ्या माणसाची गरज वैमानिकाची होत नाही.

आता उपउत्पादनाच्या दाव्याकडे येऊ, कारण सगळी भिस्त त्याच्यावर आहे. मेंढीच्या एकूण किमतीत कातड्याचा वाटा लहान असतो, हे खरे. कातड्याचे आणि लोकरीचे भाव पडले, तेव्हा त्यांचे काय होते, हेही जगाने पाहिले आहे. २०२० मध्ये ब्रिटनमध्ये लोकरीचा भाव किलोला तीसेक पेनीवर घसरला. कातरणीची मजुरी त्याहून जास्त असल्यामुळे अनेक मेंढपाळांनी लोकर जाळली किंवा कुजायला टाकली. अशा वेळी कातड्याचा कोट करणे हे वाया जाणारे वाचवणेच ठरते. पण या युक्तिवादातच त्याची मर्यादाही आहे. कातडे उपउत्पादन असते, ते त्याला फारसा भाव नसतो तोवर. ट्रेंड यशस्वी झाला, कातड्याला चांगला भाव येऊ लागला, की ती मेंढपाळाची मिळकत होते आणि मेंढी पाळायची की नाही, कोणत्या जातीची, कोणत्या वयात कापायची, या निर्णयांत तिचा शिरकाव होतो. ट्रेंड जितका जोरात, तितका उपउत्पादनाचा दावा लटका, असे हे व्यस्त प्रमाण आहे. काराकुल मेंढीच्या बाबतीत ते टोकाला गेलेले दिसते. तिच्या कोकरांचे कुरळे केस जन्मानंतर काही दिवसांतच सरळ होऊ लागतात, म्हणून कोकरे त्याआधीच मारली जातात. तिथे मांस दुय्यम आणि कातडे मुख्य. म्हणूनच गुचीने काराकुलला फरच्या यादीत टाकले, ते योग्य झाले.

भाव कसा जनावर घडवतो, याचा उलट बाजूचा दाखला महाराष्ट्रातच आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ७ कोटी ४३ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत. आपली दख्खनी मेंढी काटक, दुष्काळात तगणारी. तिची लोकर जाडीभरडी, घोंगडीला आणि जेन या जाड लोकरी अंथरुणाला उत्तम, पण अंगालगतच्या कपड्याला निरुपयोगी. घोंगडीचा बाजार आटला, तसा त्या लोकरीचा भाव गेला आणि बहुतेक धनगरांना कातरणीचा खर्चही त्यातून सुटेनासा झाला. मग कळपात लोकर कमी आणि मांस जास्त देणाऱ्या जातींचे नर शिरू लागले. सांगली जिल्ह्यातल्या जत भागातली माडग्याळ मेंढी त्यासाठी विशेष मागणीत आहे. लोकरीला मोल उरले नाही, तशी लोकरीची मेंढीच मागे पडू लागली. कातड्याचे वा लोकरीचे मोल ‘जाता जाता मिळालेले’ म्हणून सोडून देता येत नाही, ते जातिवंत कळपांचे भवितव्य ठरवते, हे इथे स्पष्ट दिसते. म्हणून कंपनीने केवळ ‘मांसाचे उपउत्पादन’ एवढे लेबलवर छापून भागत नाही. मेंढी कोणती, कुठली, किती वयाची, हे सांगितले तरच तो दावा तपासता येतो.

‘नैसर्गिक’ या विशेषणाची गोष्टही अशीच अर्धी आहे. कत्तलखान्यातून आलेले कातडे मीठ लावून टिकवतात. मग ते धुऊन त्यातली चरबी काढतात, आम्लात मुरवतात, कमावतात, रंगवतात. शेवटी लोकर इस्त्रीने सरळ करून एकसारख्या उंचीवर कातरतात आणि चामड्याची बाजू घासून मऊ करतात किंवा तिच्यावर लेप देतात. यातल्या प्रत्येक टप्प्याला पाणी लागते आणि रसायने लागतात. जगातले बहुतेक चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावले जाते. हे काम निष्काळजीपणे केले तर काय होते, हे शिकायला परदेशी जायला नको. कानपूरची गंगा आणि तमिळनाडूतल्या राणीपेटचे भूजल ही आपल्याच देशातली उदाहरणे आहेत. ढाक्याच्या हजारीबागेतल्या टॅनऱ्या तर २०१७ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने शहराबाहेर न्याव्या लागल्या. शिवाय मेंढी हे रवंथ करणारे जनावर. तिच्या पोटातून मिथेन बाहेर पडतो आणि त्याचा थोडा का होईना वाटा कातड्याच्या खात्यावरही लिहावा लागतो. हे सगळे नुकसान कोट तयार होईपर्यंत एकदाच होऊन चुकलेले असते. कोट दोन हिवाळे वापरला तर ते दोनांत वाटले जाते, पंचवीस वापरला तर पंचवीसांत. कपड्याचे पर्यावरणीय मोल ठरवताना या भागाकाराइतका मोठा फरक दुसरे काहीच पाडत नाही.

मग कृत्रिम लोकरच बरी, असे कुणी म्हणेल. शेर्पा फ्लीस या नावाने मिळणारे केसाळ अस्तर आज दीड-दोन हजारांच्या डेनिम जॅकेटातही असते. त्यासाठी एकही मेंढी मरत नाही, ते हलके असते, घरच्या यंत्रात धुता येते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या माल्डन मिल्सने पॅटागोनिया कंपनीबरोबर १९८० च्या आसपास हे पॉलिएस्टरचे फ्लीस विकसित केले, तेव्हा थंडीतल्या गिर्यारोहकांची आणि कष्टकऱ्यांची मोठी सोय झाली, हे मान्यच केले पाहिजे. पण तेही फुकटात येत नाही. पॅटागोनियानेच पैसे देऊन सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून २०१६ मध्ये अभ्यास करून घेतला, तेव्हा असे एक जॅकेट दर धुलाईला सरासरी १.७ ग्रॅम सूक्ष्म तंतू सोडते, असे आढळले. जुनी जॅकेटे अधिक तंतू सोडत होती. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या २०१७ च्या अहवालानुसार समुद्रात थेट जाणाऱ्या सूक्ष्म प्लास्टिकपैकी सुमारे ३५ टक्के कृत्रिम कापडांच्या धुलाईतून येते. शिवाय स्वस्त फ्लीसची लव दोन-तीन वर्षांत गोळे होऊन बसते, ऊब जाते आणि जॅकेट टाकून दिले जाते. पण त्याचा तंतू कुजत नाही. इथेही निर्णय करतो तो काळच. दहा वर्षे घातलेले फ्लीस दोन हिवाळ्यांत कपाटात गेलेल्या शिअरलिंगपेक्षा निश्चित चांगले. म्हणून केवळ ‘प्राणिमुक्त’ किंवा ‘प्लास्टिकमुक्त’ एवढ्या शिक्क्यावर समाधान मानणे म्हणजे अर्धाच हिशेब करणे आहे.

टिकाऊपणाचा दावा मात्र शिअरलिंगला पुराव्यानिशी करता येतो. दुसऱ्या महायुद्धातली अर्विन जॅकेटे ऐंशी वर्षांनंतरही लिलावांत विकली जातात आणि त्यातली काही अजून घालण्याजोगी असतात. नीट जपलेले कातडे एका माणसाच्या उमेदीचा काळ सहज काढते. पण ‘नीट जपलेले’ या शब्दांत बरेच काही येते. कोट घरी धुता येत नाही, ओला झाला तर शेगडीपासून दूर सावलीत वाळवावा लागतो, उन्हाळ्यात त्याला हवा लागेल असा ठेवावा लागतो आणि लोकरीला कसर लागू नये म्हणून लक्ष ठेवावे लागते. शिवण उसवली, तर जाड कातडे शिवणारा कारागीर शोधावा लागतो. ज्याला हे सगळे करायचे आहे, त्याने कोट घ्यावा. कंपनीलाही इथे जबाबदारी टाळता येणार नाही. अस्तर, झिप, बक्कल, खिसे बदलून देण्याची सोय न ठेवता ‘पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा’ असे जाहिरातीत म्हणणे ही फसवणूकच आहे.

यावर पहिला आणि सर्वात गंभीर आक्षेप प्राणिहक्कवाद्यांचा. मरणाऱ्या मेंढीला आपले कातडे दोन वर्षे वापरले जाणार की पंचवीस, याने काय फरक पडतो, असे ते विचारतात. मेंढीच्या बाजूने पाहता काहीच पडत नाही. जो माणूस मांस, दूध, चामड्याच्या चपला आणि लोकरीचे स्वेटर या साऱ्यांचा त्याग करतो, त्याने शिअरलिंग नाकारणे सुसंगत आहे आणि त्याच्याशी वाद घालायला जागा नाही. पण अशी माणसे थोडी. बाकीच्यांच्या ताटात मटण आहे आणि पायांत चामडे आहे. केवळ कोट नाकारल्याने त्यांच्यासाठी मरणाऱ्या मेंढ्या फारशा कमी होत नाहीत, हे त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. त्यांच्यापुढे प्रश्न एवढाच उरतो, की मारलेल्या जनावराचा मान कशात आहे. त्याचे कातडे हंगामी हौसेसाठी वापरून फेकण्यात तो नाही. ऑस्ट्रेलियात मेरिनो कोकरांच्या शेपटीलगतची कातडी सोलून काढण्याची जी प्रथा आहे आणि न्यूझीलंडने २०१८ मध्ये जी बंद केली, तिच्याबद्दल प्रश्न विचारणे हेही याच प्रामाणिकपणात येते.

दुसरा आक्षेप पैशाचा. नावाजलेल्या कंपनीचा नवा शिअरलिंग कोट दोन-तीन लाख रुपयांच्या घरात जातो. तो जपून वापरा, असा सल्ला देणे म्हणजे श्रीमंतांची चैन सद्गुण म्हणून खपवणे, असे कुणाला वाटेल. हिशेब मांडून पाहू. दोन लाखांचा कोट पंचवीस हिवाळे टिकला, तर हिवाळ्याला आठ हजार पडतात. दहा हजारांचे चांगले जॅकेट चार हिवाळे टिकले, तर अडीच हजार. पैशात शिअरलिंग हरते आणि ‘शेवटी स्वस्तच पडतो’ हे दुकानदाराचे पालुपद खोटे ठरते. पण त्या दोन लाखांतला मोठा वाटा नावाचा आणि दुकानाच्या काचेचा असतो. तोच कोट जुन्या कपड्यांच्या बाजारात त्याच्या एखाद्या अंशाला मिळतो. फॅशन बदलली म्हणून टाकलेले धडके शिअरलिंग कोट युरोप-अमेरिकेतल्या जुन्या कपड्यांच्या दुकानांत नेहमी सापडतात. तिथून घेतलेल्या कोटासाठी नवे कातडे कमवावे लागत नाही, नवे रसायन नदीत जात नाही, आणि हिशेबाचे गणित पैशातही जमते. ज्याला हा कोट खरोखर हवा आहे, त्याने आधी तिथे शोधावा.

तिसरा आक्षेप असा, की फॅशन म्हणजेच बदल. दरवर्षी नवे घालण्यातला आनंद तुम्ही हिरावून घेता. नटण्याचा आनंद खरा आहे आणि तो पुरुषांनाही हवाच. पण तो कोणत्या वस्तूतून घ्यायचा, याला तारतम्य असते. रुमाल, टोपी, सुती सदरा यांत दरवर्षी बदल केला तर फार बिघडत नाही. अनेक कोकरांची कातडी, महिन्यांची कारागिरी आणि पिपेभर रसायने ज्याला लागली, ती वस्तू हंगामी नव्हे. अलीकडच्या हंगामांत तर लांब केसांचे शिअरलिंग रंगवून, विंचरून अगदी फरसारखे दिसेल असे केले जाते. फरबंदीचे श्रेय घ्यायचे आणि फरचा थाटही सोडायचा नाही, असा तो दुहेरी डाव आहे.

मराठी वाचकाला या साऱ्याशी काय कर्तव्य, असे विचारता येईल. मुंबईत नोंदलेले सर्वात कमी तापमान ७.४ अंश सेल्सियस आहे आणि तेही २२ जानेवारी १९६२ चे. निफाडला किंवा महाबळेश्वरला पारा त्याहून खाली उतरतो, पण तिथेही घोंगडी आणि स्वेटर पुरतात. अशा हवेत शिअरलिंग घालणे ही निव्वळ हौस आहे. पावसाळ्यातल्या दमटपणात त्याला बुरशी धरणार, हे आणखी वर. पण टोरांटो, शिकागो, म्यूनिक, एडिंबरा इथे शिकायला आणि नोकरीला जाणाऱ्या मराठी मुलांची संख्या मोठी आहे आणि पहिल्या हिवाळ्याआधी कोट घेणे ही त्यांची खरी गरज आहे. त्यांच्यासाठी सल्ला सरळ आहे. आधी किती वर्षे थंडीत राहायचे, हे ठरवा. दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून परत यायचे असेल, तर भाड्याने, उसने किंवा जुने, धुता येणारे जॅकेट पुरेसे आहे. तिथेच स्थायिक व्हायचे असेल आणि जपायची तयारी असेल, तर जुन्या बाजारातला एक चांगला शिअरलिंग कोट घ्या आणि मग पुढची वीस वर्षे दुसरा घेऊ नका.

कंपन्यांकडून मागायच्या गोष्टीही स्पष्ट आहेत. कातडे कोणत्या देशातल्या, कोणत्या जातीच्या मेंढीचे. ते कोणत्या टॅनरीत, कशाने कमावले. कोट दुरुस्त करून मिळेल का आणि किती वर्षे. एवढ्या प्रश्नांची उत्तरे लेबलवर किंवा दुकानात मिळत नसतील, तर ‘नैसर्गिक’ आणि ‘उपउत्पादन’ हे शब्द जाहिरातीतून काढायला लावले पाहिजेत. कायदा करणाऱ्यांनी मेंढीला सूट दिली, कारण ती मांसासाठी मारली जाते. ती सूट ज्यांच्या पथ्यावर पडली, त्यांनी निदान हे सिद्ध करण्याची जबाबदारी घ्यावी. ग्राहकाने कोट घेण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारावा: हा मी किती हिवाळे घालणार आहे? उत्तर दहाच्या आत येत असेल, तर खरा असो की खोटा, तो कोट नवा घेऊ नये.